किरकोळ पत्रं आधी वाचा

विज्ञानाच्या इतिहासावर प्रबंध लिहिणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: "चार्ल्स डार्विनची सुमारे पंधरा हजार पत्रं उपलब्ध आहेत. मी वाचायला बसले, पण बहुतेक पत्रांत 'बिया पाठवा', 'कबुतराची कातडी मिळेल का', 'पोट बरं नाही', 'तुमचं पुस्तक परत करतो' एवढंच असतं. निवडक पंचवीस-तीस महत्त्वाची पत्रं वाचून प्रबंधाचं काम भागणार नाही का? आणि सगळी वाचायची तर कशी वाचायची?"

माझं सरळ उत्तर असं आहे. महत्त्वाची म्हणून गाजलेली पत्रं तुम्ही कधीही वाचाल, ती कुठं पळून जात नाहीत. आधी किरकोळ वाचा. डार्विनची प्रयोगशाळा त्याच्या घरात जेवढी होती तेवढीच टपालात होती, आणि ती तुम्हाला फक्त या किरकोळ पत्रांत दिसेल.

हे मी ठामपणे सांगते त्याला कारण आहे. तीसेक वर्षं मी जुन्या पत्रांच्या सूची आणि संपादनाचं काम करते आहे. सुरुवात मोडीच्या रुमालांपासून, म्हणजे कापडात बांधलेल्या जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांपासून झाली, पुढं इंग्रजी पत्रसंग्रह हाताखाली आले, आणि डार्विनच्या पत्रांचे खंड तर मी संपादन शिकण्यासाठीच वाचत आले. नवखी असताना एका खाजगी संग्रहातली एका डॉक्टरांची पत्रं मी दोन ढिगांत वाटली होती. 'महत्त्वाची' पत्रं एकेक करून नोंदवली, 'किरकोळ' पत्रांची नुसती संख्या लिहिली. काही वर्षांनी एक अभ्यासक आला. प्लेगच्या दिवसांत कोणत्या गावाहून कोणती औषधं मागवली जात होती, हे त्याला हवं होतं. ते सगळं त्या दुसऱ्या ढिगात होतं. तोवर त्या ढिगाला वाळवी लागली होती. ती पत्रं मी एकदा हातात धरली होती, हे अजून मनातून जात नाही.

आता डार्विनकडे येऊ. १८४२ च्या सप्टेंबरात तो लंडन सोडून केंटमधल्या डाऊन या खेड्यात राहायला गेला आणि १८८२ मध्ये मरेपर्यंत तिथंच राहिला. लंडनपासून गाव सोळा मैलांवर. प्रकृती नाजूक, सभा-समारंभांना जाणं जवळजवळ बंद. म्हणजे जगाशी संबंध उरला तो टपालाचा. त्याचा मुलगा फ्रान्सिस पुढं वडिलांचा लेखनिक झाला, त्यानं त्यांचा दिनक्रम लिहून ठेवला आहे. सकाळी आठपासून साडेनऊपर्यंत काम. साडेनऊला दिवाणखान्यात येऊन टपाल पाहायचं, सोफ्यावर पडून घरची पत्रं मोठ्यानं वाचून घ्यायची. पुन्हा काम, मग बागेतल्या रेतीच्या वाटेवर फेऱ्या. दुपारच्या जेवणानंतर वर्तमानपत्र, आणि मग शेकोटीपाशी मोठ्या खुर्चीत बसून, खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून, पत्रांना उत्तरं. पत्रं पुष्कळ किंवा लांबलचक असली तर आधी खर्डा करायचा आणि त्यावरून सांगून लिहून घ्यायचं. हे खर्डे जुन्या हस्तलिखितांच्या किंवा मुद्रितांच्या पाठकोऱ्या बाजूवर असत आणि कधीकधी खुद्द त्यालाच वाचता येत नसत. परदेशी माणसाला पत्र जायचं असलं की लिहिणाऱ्याला आठवण करून द्यायचा, जरा नीट अक्षर काढ, परक्या देशात जायचं आहे.

या दिनक्रमातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्रास देणाऱ्या पत्रलेखकांसाठी त्यानं एक छापील उत्तर तयार करून घेतलं होतं, पण ते तो जवळजवळ वापरतच नसे. मूर्खपणाची पत्रं आली, स्वार्थी पत्रं आली, तरी प्रत्येकाला उत्तर जायचं. दिलं नाही तर मनाला टोचत राहतं, असं तो म्हणे. यात सज्जनपणा आहेच. पण चाळीस वर्षं पत्रांवर जगलेल्या माणसाला हेही ठाऊक होतं की कोणत्या अनोळखी माणसाच्या पत्रातून काय हाती लागेल, ते आधी सांगता येत नाही.

हे शक्य झालं ते टपालातल्या एका सुधारणेमुळं, आणि ती समजल्याशिवाय ही पत्रं समजत नाहीत. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि बहुधा तो पत्र घेणाऱ्यानं भरायचा. म्हणजे अनोळखी माणसाला प्रश्न विचारायचा तर त्याच्याच खिशाला चाट. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठंही एका पेनीत जाऊ लागलं, मे महिन्यात तिकिटं आली, आणि खर्च पाठवणाऱ्याकडे गेला. १८३९ मध्ये साडेसात कोटींच्या आसपास पत्रं गेली होती, १८४० मध्ये सुमारे सतरा कोटी. डार्विन डाऊनला गेला तो याच सुमारास. माळी, कबुतरं पाळणारा, घोड्यांची पैदास करणारा, गावचा पाद्री, कुणालाही एका पेनीत प्रश्न विचारता येऊ लागला, आणि विचारल्याचा भुर्दंड समोरच्यावर पडेना.

पत्र आणि पार्सल यांतला फरकही ध्यानात ठेवा. ब्रिटिश टपालखात्याची पार्सलसेवा सुरू झाली १८८३ मध्ये, डार्विन गेल्यानंतर. जड वस्तू त्याच्याकडे यायच्या त्या रेल्वेनं आणि गाडीवानानं. डाऊनचा जॉर्ज स्नो नावाचा गाडीवान आठवड्यातून एकदा, गुरुवारी, लंडनहून माल आणायचा. लंडनच्या बरो भागातल्या नॅग्ज हेड या ठिकाणी पुडकं ठेवा, असा पत्ता डार्विनच्या पत्रांत वारंवार येतो. पहिल्यांदा वाचताना तुम्ही ही ओळ ओलांडून पुढं जाल. पण मेलेली कबुतरं आठवडाभर टिकतील का, कातडी की अख्खा पक्षी मागवायचा, हे त्या गुरुवारवर ठरत होतं.

काय काय आलं या वाटेनं! केंब्रिजच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक आल्फ्रेड न्यूटननं तांबड्या पायांच्या एका जखमी तित्तिराचा पाय पाठवला. पायाला साडेसहा औंस वजनाचा वाळलेल्या मातीचा गोळा चिकटला होता आणि तो तीन वर्षं तसाच ठेवलेला होता. डार्विननं तो फोडला, पाणी घातलं, काचेच्या हंडीखाली ठेवला. त्यातून ८२ रोपं उगवली. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताहून वील नावाच्या गृहस्थानं टोळांच्या वाळक्या विष्ठेची छोटी पुडी पाठवली. तिच्यातल्या बियांतून गवताची सात रोपं आली. पक्ष्यांच्या पायांना लागून आणि कीटकांच्या पोटातून बिया दूरदूर जातात, हा युक्तिवाद पुस्तकात तुम्ही दोन ओळींत वाचता. त्या दोन ओळींमागं कुणीतरी पुडी बांधली, पत्ता लिहिला, पैसे भरले.

शेवटपर्यंत हे असंच चाललं. १८८२ च्या फेब्रुवारीत नॉर्दॅम्प्टनच्या डब्ल्यू. डी. क्रिक नावाच्या हौशी निसर्गअभ्यासकाचं पत्र आलं. त्याला एक पाणभुंगा सापडला होता आणि भुंग्याच्या पायाला एक चिमुकला शिंपला घट्ट धरून बसला होता. डार्विननं प्रश्नांवर प्रश्न विचारले, नमुना मागवला. भुंगा पोहोचला तेव्हा अर्धमेला होता. त्याला त्रास न होता लवकर मरण यावं म्हणून डार्विननं त्याला लॉरेलची पानं चिरून घातलेल्या बाटलीत ठेवलं, आणि तेही क्रिकला कळवलं. त्यावरचं टिपण 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ६ एप्रिलला छापून आलं. १९ एप्रिलला डार्विन वारला. या क्रिकचा नातू म्हणजे डीएनएची रचना उलगडणारा फ्रान्सिस क्रिक. योगायोग म्हणून ते सांगतातच. मला त्यापेक्षा हे मोलाचं वाटतं की त्र्याहत्तर वर्षांचा आजारी माणूस एका अनोळखी हौशी माणसाला तपशीलवार प्रश्न विचारत होता, आणि भुंग्याच्या मरणाचीही त्याला फिकीर होती.

आता वाचायचं कसं. सुरुवात मायन्यापासून करा. आपल्याकडे 'तीर्थरूप', 'चिरंजीव', 'सा. न. वि. वि.' यांतून नातं आणि अंतर कळतं, तशीच व्हिक्टोरियन मायन्याचीही पायरी असते: नुसतं 'महोदय', मग 'प्रिय महोदय', मग 'माझ्या प्रिय महोदय', त्यानंतर आडनाव. डार्विन आणि वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हुकर यांच्यात पुढं चाळीस वर्षांत जवळपास चौदाशे पत्रं गेली-आली, दोघं जिवलग झाले. पण ११ जानेवारी १८४४ चं ते प्रसिद्ध पत्र पाहा. जीवजाती अचल नाहीत अशी आपली जवळजवळ खात्री झाली आहे, आणि हे सांगणं म्हणजे खुनाची कबुली देण्यासारखं वाटतं, असं डार्विननं त्यात लिहिलं. त्याचा मायना आहे 'माझ्या प्रिय महोदय'. इतकी मोठी गोष्ट त्यानं अजून आडनावानंही न संबोधलेल्या माणसाला सांगितली.

त्याच पत्राबद्दल आणखी एक. निवडक पत्रांच्या संग्रहात तुम्हाला ती कबुली वेगळी काढून दिलेली सापडेल. मूळ पत्राचा बराच भाग दक्षिणेकडच्या बेटांवरच्या आणि गालापागोसच्या वनस्पतींविषयी आहे: कोणत्या जाती फक्त एकाच बेटावर सापडतात वगैरे. कबुली येते या विचारपुशीच्या ओघात. मी आधी किरकोळ वाचा म्हणते ते यासाठी. सगळ्यांत गाजलेलं वाक्य एका किरकोळ पत्राच्या पोटात आहे, आणि त्या प्रश्नांशिवाय त्याला अर्थच नाही. बेटांवरच्या वनस्पतींचे प्रश्न तो का विचारत होता, याचंच तर ते उत्तर आहे.

दुसरं, विनवणीच्या भाषेकडे लक्ष द्या. डार्विनची मागणारी पत्रं सलग वीस-पंचवीस वाचली की एक घडण दिसू लागते. आधी समोरच्याच्या कामाचं मनापासून कौतुक, मग त्रास दिल्याबद्दल क्षमा, मग अगदी नेमका प्रश्न, मग 'वेळ नसेल तर उत्तर देऊ नका'. याला नुसती खुशामत म्हणून सोडून देऊ नका. प्रश्न नेमका आहे की नाही ते पाहा. नेमका प्रश्न हाच त्याचा खरा आदर होता, कारण तो विचारायचा तर समोरच्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, याचा विचार आधी करावा लागतो.

जॉन स्कॉटची गोष्ट यासाठी मुद्दाम वाचा. स्कॉट एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात माळी होता. १८६२ च्या नोव्हेंबरात त्यानं डार्विनला पत्र लिहिलं. त्याच वर्षी आलेल्या डार्विनच्या ऑर्किडवरच्या पुस्तकातली एक चूक त्यानं दाखवून दिली होती. इंग्लंडातला नावाजलेला शास्त्रज्ञ आणि पगारी माळी! डार्विननं चूक मान्य केली आणि लगेच पुढचे प्रश्न विचारले. त्यातून दोघांचा दाट पत्रव्यवहार जमला. डार्विननं त्याला प्रयोग सुचवले, लिहायला लावलं, त्याचा प्रिम्युला या फुलझाडावरचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गअभ्यासकांच्या संस्थेपुढं पोहोचवला. पुढं एडिंबरोत स्कॉटचं जमेना, तेव्हा डार्विन आणि हुकर यांनी मिळून त्याची हिंदुस्थानात सोय पाहिली आणि जहाजाचं भाडं डार्विननं दिलं. स्कॉट कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात क्युरेटर झाला आणि तिथूनही डार्विनच्या प्रश्नांना उत्तरं देत राहिला, गांडुळांच्या विष्ठेपासून माणसांच्या चेहऱ्यावरच्या भावांपर्यंत. ही पत्रं मी तीनदा वाचली आहेत. माळ्याला विद्वानांच्या सभेत बसायला जागा नव्हती, पण टपालात होती. व्हिक्टोरियन विज्ञान कुणाकुणाच्या कष्टावर उभं राहिलं हे तुम्हाला प्रबंधात दाखवायचं असेल, तर स्कॉटसारखी माणसं गाजलेल्या पंचवीस पत्रांत सापडणार नाहीत.

आता जे नाही त्याबद्दल. संपादकाचं अर्धं काम नसलेल्या पत्रांचं असतं. दुकानात बिलं खोचायला उभी तार असते तशा तारांवर डार्विन आलेली पत्रं खोचून ठेवायचा. तारा मोजक्याच होत्या. सगळ्या भरल्या की काही वर्षांची पत्रं एकदम जाळायची आणि तारा मोकळ्या करायच्या. १८६२ पूर्वी त्याला आलेली बरीचशी पत्रं अशी राखेत गेली. त्यानंतर मात्र तो पत्रं जपू लागला. त्यामुळं पहिल्या वीस वर्षांत तुम्हाला पुष्कळदा एकाच बाजूचं बोलणं ऐकू येईल, कारण डार्विननं पाठवलेली पत्रं इतरांनी जपली आणि त्यांची त्यानं जाळली. या काळात समोरचा काय म्हणाला असेल ते डार्विनच्या उत्तरावरून ओळखावं लागतं. असा अंदाज केला की तो अंदाज आहे हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

जी पत्रं उरली त्यांतलीही काही अखंड नाहीत. त्याच्याकडे विषयवार तीस-चाळीस मोठे पोर्टफोलिओ होते, आणि आलेल्या पत्रातला कामाचा भाग कापून तो त्या त्या पोर्टफोलिओत टाकायचा. एकाच पत्राचा वरचा अर्धा कबुतरांत, खालचा अर्धा ऑर्किडमध्ये. संपादकांना हे तुकडे कागद, शाई आणि कापलेली कड जुळवून पुन्हा एकत्र आणावे लागले. समासातल्या पेन्सिलीच्या आणि रंगीत खडूच्या खुणा म्हणजे डार्विननं ते पत्र कसं वाचलं याची नोंद. त्या खुणा छापील खंडांत टिपांमध्ये दिलेल्या असतात. टिपा सोडून वाचू नका.

हे सगळं जमवायला किती वेळ लागला ते सांगते, म्हणजे छापील पान हातात आल्यावर त्यामागचं काम दिसेल. फ्रेडरिक बर्कहार्ट यांनी प्राणिशास्त्रज्ञ सिडनी स्मिथ यांच्या मदतीनं डार्विनची सगळी पत्रं छापण्याचा हा प्रकल्प १९७४ मध्ये सुरू केला. पहिला खंड १९८५ मध्ये आला, तिसावा आणि शेवटचा २०२३ मध्ये. बर्कहार्ट २००७ मध्ये गेले. आरंभ करणाऱ्याला शेवट पाहता आला नाही.

तारखेचा प्रश्न वेगळा आणि फार मोठा. मोडी पत्रात 'छ' लिहून चंद्राची तारीख आणि पुढं महिना येतो, पण वर्ष नसलं की आमची झोप उडते. डार्विनचंही तसंच, कितीतरी पत्रांवर नुसता वार असतो, नाहीतर नुसता आकडा. मग कागदावर छापलेला पत्ता पाहायचा. त्याच्या घराचं टपाल आधी फार्नबरोमार्गे यायचं, १८५५ च्या सुमारास ब्रॉमली झालं, १८६९ च्या सुमारास बेकनहॅम. घर तेच, पत्त्यातलं गाव बदललं, आणि त्यावरून पत्राचं दशक ठरतं. काळ्या कडेचा कागद असला तर घरात कुणीतरी गेलेलं असतं.

एका आकड्यावरून किती वाद होऊ शकतो त्याचं उदाहरण म्हणजे आल्फ्रेड रसेल वॉलेसचं पत्र. मलाया द्वीपसमूहातल्या टर्नाटे बेटावरून वॉलेसनं आपला निबंध डार्विनकडे पाठवला, आणि त्यात डार्विनच्या मनात असलेली नैसर्गिक निवडीचीच कल्पना होती. निबंध मिळाल्यावर डार्विननं भूशास्त्रज्ञ लायेलला जे पत्र लिहिलं त्यावर फक्त 'अठरावी' तारीख आहे. महिना आणि वर्ष, जून १८५८, अभ्यासकांनी ठरवलं आहे. वॉलेसचं मूळ पत्र आणि निबंधाचं हस्तलिखित दोन्ही आज मिळत नाहीत. वॉलेसनं टर्नाटेहून लेस्टरच्या फ्रेडरिक बेट्सला लिहिलेल्या एका पत्राच्या लिफाफ्यावर मात्र ३ जून १८५८ चा लंडनचा शिक्का आहे. दोन्ही पत्रं एकाच बोटीनं निघाली असतील तर डार्विननं निबंध दोन आठवडे दडवून ठेवला का, असा संशय त्यावरून उभा राहिला. पुढं अभ्यासकांनी डच टपालबोटींची वेळापत्रकं काढून दाखवलं की वॉलेसचं पत्र नंतरच्या बोटीनं, एप्रिलमध्ये निघालं असणं अधिक जुळतं, आणि मग ते जूनच्या मध्यालाच पोहोचतं. मला हाच निष्कर्ष पटतो. एका माणसाच्या प्रामाणिकपणाचा निवाडा बोटीच्या वेळापत्रकावर आणि एका लिफाफ्यावर अडला होता. तुमच्याकडे कधी मूळ पत्रं आली तर लिफाफे फेकू नका, फेकू देऊ नका.

घरगुती पत्रं बाजूला ठेवण्याचा मोह होईल, तो आवरा. १८५१ च्या एप्रिलमध्ये डार्विनची दहा वर्षांची मुलगी ॲनी मॉल्व्हर्न या गावी आजारी होती. डार्विन तिच्या उशाशी होता. त्याची बायको एमा हिचे दिवस भरत आलेले, म्हणून ती डाऊनलाच होती. दोघं रोज एकमेकांना लिहीत होती, आणि पत्र पोहोचायला एक दिवस लागत होता. एमाच्या हातात येणारी ॲनी नेहमी कालची असे. काल जरा पाणी प्यायली, काल नाडी बरी होती. ॲनी गेली २३ एप्रिलला दुपारी बारा वाजता. एमाला कळलं दुसऱ्या दिवशी. ही पत्रं तारखेबरोबर वेळ लावून, पाठवलेली कधी आणि मिळालेली कधी अशी शेजारी मांडून वाचा. टपालाचा वेग म्हणजे काय, हे मला त्या पत्रांनी शिकवलं, कुठल्या आकडेवारीनं नाही.

शेवटी आपल्या बाजूचा एक धागा, कारण तुमच्या प्रबंधात तो येऊ शकतो. १८६७ मध्ये डार्विननं चेहऱ्यावरच्या भावांविषयी सोळा प्रश्नांची छापील यादी जगभर पाठवली. आश्चर्य वाटलं की डोळे आणि तोंड विस्फारतं का, भुवया वर जातात का? लाजेनं चेहरा लाल होतो का, आणि ती लाली अंगावर कुठवर उतरते? होकाराला मान वरखाली आणि नकाराला आडवी हलते का? ३६ उत्तरं आली. हिंदुस्थानातून उत्तर देणाऱ्यांत मुंबई इलाख्यातला सनदी अधिकारी एच. अर्स्किन होता. त्यानं कानडा जिल्ह्यातले न्यायाधीश वेस्ट यांच्याकडूनही माहिती मिळवून दिली. या भावांवरच्या १८७२ च्या पुस्तकात डार्विननं अर्स्किनची अडचण नोंदवली आहे: युरोपियनांसमोर इथली माणसं आपले भाव लपवतात, म्हणून खात्रीचं काही सांगणं कठीण जातं. काही बुद्धिमान देशी गृहस्थांचा सल्ला घेतला, असंही तिथंच आहे. त्या गृहस्थांची नावं मात्र नाहीत.

या ठिकाणी थांबून विचार करा. डार्विनचं टपालाचं जाळं एडिंबरोच्या माळ्यापर्यंत पोहोचलं, पण इलाख्यातल्या ज्या माणसाचा चेहरा पाहायचा होता त्याच्यापर्यंत ते साहेबाच्या डोळ्यांतूनच पोहोचलं. साहेब समोर असला की तो चेहरा मिटायचा. प्रश्न नेमके होते, विचारणारा प्रामाणिक होता, आणि तरीही उत्तर अडलं. सोळाही प्रश्नांत 'तुम्ही स्वतः काय म्हणता' असा प्रश्न नाही. मला वाटतं, मराठी अभ्यासकानं इथं काम करावं. स्कॉटला स्वतः लिहिता आलं आणि या गृहस्थांना नाही, हा फरक पत्रांच्याच आधारानं मांडता येतो.

सगळी कशी वाचायची, हे तुम्ही विचारलं होतं. पंधरा हजारांचा विचार सोडा. १८५५ चा एप्रिल उघडा आणि वर्षाअखेरपर्यंत फक्त हुकरची पत्रं, दोन्ही बाजूंची, मिळतील तेवढी वाचा. समुद्र ओलांडून बिया बेटांवर पोहोचू शकतात का, हे पाहायला डार्विन बिया मिठाच्या पाण्यात भिजत घालतो आहे. काही बाटल्या बर्फ घातलेल्या टाकीत आहेत, पाण्याला घाण वास सुटला आहे. एप्रिलमध्येच त्यानं 'गार्डनर्स क्रॉनिकल' या बागकामाच्या नियतकालिकातून लोकांना विचारलं, समुद्राचं पाणी बिया मारतं का? हुकरला वाटतं बिया लवकर मरतील, आणि घरातली मुलं बापाला विचारत असतात, डॉक्टर हुकरला हरवणार ना? बिया उगवतात. मग महिनाभरात डार्विनच्या लक्षात येतं की जिवंत असून उपयोग नाही, त्या बुडतात. तो चिडतो, कृतघ्न बियांना उगाच खारवत बसलो म्हणतो. पुढं त्याला सुचतं की बिया धरलेली वाळलेली फांदी तरंगेल.

हे सगळं वाचून झाल्यावर १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मधला तो उतारा काढा: ८७ प्रकारांपैकी ६४ प्रकारांच्या बिया २८ दिवस भिजूनही उगवल्या, वाळवलेल्या ९४ वनस्पतींपैकी १८ वनस्पती २८ दिवसांहून अधिक तरंगल्या. तो उतारा पत्रांशेजारी ठेवा आणि कोणता आकडा कोणत्या आठवड्यात जन्मला ते समासात पेन्सिलीनं लिहीत जा. एवढं झालं की मला कळवा, पुढचं पुडकं मी सुचवीन.